गाडीची परीक्षा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेती, सहकार अशा थोर विषयांवर बोलण्याची आपली परंपरा आहे. त्या पंक्तीत आज आम्ही ट्रकचे ब्रेक आणि जीपचे टायर घेऊन बसलो आहोत, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'गाड्यांचे पासिंग' असे सांगितले. त्यांना क्षणभर थट्टाच वाटली. पासिंग हे आरटीओच्या आवारातले काम; त्यात सभेने ऐकावे असे काय आहे, असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर देऊनच पुढे जाऊ.

आपले राहाता नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले गाव आहे. शिर्डीला जाणारे भाविक, प्रवरेच्या काठचा ऊस, आपल्या बागांतले पेरू, शाळेची मुले, बाजाराला जाणारे शेतकरी, सारे याच रस्त्याने जातात. आज या सभेला आलेल्यांपैकी फार थोडे असे असतील, की ज्यांनी गेल्या आठवड्यात दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीत पाय ठेवला नाही. त्या गाडीत बसताना तिचे ब्रेक लागतात की नाही हे आपण पाहिले होते काय? नव्हते. आपण ते पाहू शकत नाही, आणि पाहिले तरी आपल्याला कळत नाही. आपल्या वतीने ते कोणीतरी पाहिले आहे, असे आपण धरून चालतो. हे पाहण्याचे काम म्हणजेच पासिंग. म्हणून हा विषय गाडीमालकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, गाडीत बसणाऱ्याचा आहे.

बैलगाडीच्या काळी हा प्रश्न नव्हता. गाडी कुरकुरू लागली की वंगण घालायचे, धाव सैल झाली की लोहाराकडे न्यायचे, कणा खचला की सुताराला बोलवायचे. दोष डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई. मालक स्वतः गाडीवर बसलेला असे, आणि वेग इतका बेताचा, की काही मोडले तरी माणसे बहुधा वाचत. मोटारीने यातील तिन्ही गोष्टी बदलल्या. दोष पत्र्याखाली लपला, मालक आणि चालक वेगळे झाले, आणि वेग वाढला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होते. ताशी २० च्या वेगाने गल्लीत नीट थांबणारी गाडी हमरस्त्यावर तशीच थांबेल, असा भरवसा म्हणूनच धरता येत नाही.

अशा लपलेल्या धोक्याची तपासणी ही कल्पना मोटारीपेक्षाही जुनी आहे. १८६५ मध्ये जर्मनीतील मॅनहाइम शहरात एका बिअरच्या कारखान्याचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तेथील बॉयलरमालकांनी आपले बॉयलर तज्ज्ञांकडून नियमाने तपासून घेण्यासाठी स्वतःहून एक मंडळ काढले. त्या परंपरेतून वाढलेल्या संस्था आज त्या देशात मोटारी तपासतात. तेथे ठराविक मुदतीने गाडी तपासून घेणे १९५१ पासून सक्तीचे आहे. इंग्लंडात अशी तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. आरंभी ती फक्त दहा वर्षांवरील गाड्यांना लागू होती. अनुभव आला तसे ते वय उतरवीत नेले आणि १९६७ मध्ये ते तीन वर्षांवर आले.

पण जर्मनीला जाण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यात प्रवरानगरचा साखर कारखाना आहे, गणेशनगरचा आहे. बॉयलर अग्निप्रदीपनाचा सोहळा आपण सर्वांनी पाहिला आहे. पूजा होते, नारळ फुटतो. पण त्या नारळाआधी निरीक्षकाने बॉयलर पाहून गेलेला असतो. १९२३ च्या बॉयलर कायद्याने हे बंधन घातले, आणि २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा आला तरी ते सुटलेले नाही. बॉयलर तपासल्याशिवाय पेटवा, असे कोणताही संचालक म्हणणार नाही. मग त्याच कारखान्याचा ऊस ओढणाऱ्या गाडीविषयी आपण इतके उदार का होतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटारींसाठी आपल्या देशात १९१४ मध्ये, नंतर १९३९ मध्ये आणि शेवटी १९८८ मध्ये कायदे झाले. आज १९८८ चा मोटार वाहन कायदा चालू आहे. त्याच्या ५६ व्या कलमात योग्यता प्रमाणपत्राची, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'फिटनेस'ची, तरतूद आहे. ती परिवहन वाहनांना, म्हणजे भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या गाड्यांना, लागू होते. रिक्षा, काळी-पिवळी जीप, टॅक्सी, टेम्पो, ट्रक, बस आणि शाळेची बस ही सर्व त्यात येतात. या कलमातील एक वाक्य फार महत्त्वाचे आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असते. योग्यता प्रमाणपत्र नसलेली परिवहन गाडी ही रीतसर नोंदलेली गाडीच समजली जाणार नाही, असे ते वाक्य सांगते. पाटीवर क्रमांक असेल, आरसी बुक खिशात असेल. पण फिटनेस संपल्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने ती बिननोंदणीची गाडी आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिले बोट ठेवते ते या तारखेवर, आणि मग जखमींची भरपाई वर्षानुवर्षे वादात अडकू शकते.

मुदतीविषयी बराच घोटाळा आढळतो, म्हणून ते स्पष्ट सांगतो. नव्या परिवहन गाडीस पहिली दोन वर्षे तपासणी नाही. पूर्वी त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागे. २०१८ च्या अखेरीस नियम बदलला. आता गाडी आठ वर्षांची होईपर्यंत प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांचे मिळते आणि त्यापुढे एक-एक वर्षाचे. जुन्या गाडीला वार्षिक परीक्षा चुकत नाही, हे त्यातले तात्पर्य. घरची मोटार आणि मोटारसायकल यांचे वेगळे आहे. त्यांची नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पीयूसी ही आणखी निराळी गोष्ट आहे. ती धुराची तपासणी आहे. पीयूसी आहे म्हणजे ब्रेक चांगले आहेत, असा अर्थ त्यातून निघत नाही. पेट्रोल पंपाजवळ पाच मिनिटांत मिळणारा तो कागद पुष्कळजण फिटनेसच समजतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तपासणीत पाहतात काय? केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याची यादीच दिली आहे. ब्रेक, स्टिअरिंग, पुढच्या दिव्यांचा झोत, मागचे व बाजूचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, वायपर, हॉर्न, सायलेन्सर, वेगमापक, धूर. टायरच्या नक्षीची खोली दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर गाड्यांना किमान १.६ मिलिमीटर हवी. ही नक्षी शोभेची नसते. पावसात रस्त्यावरचे पाणी तिच्या खाचांतून बाहेर फेकले जाते, तेव्हाच रबर रस्त्याला धरते. खाच गेली की चाक पाण्यावर घसरते. मृगाच्या पहिल्या सरीला घसरगुंडी का होते, त्याचे एक कारण येथे आहे.

हे सारे निरीक्षकाने डोळ्यांनी पाहायचे, की यंत्राने मोजायचे, आणि कोठे? येथे आपल्या महाराष्ट्रातलीच एक हकीकत सांगण्याजोगी आहे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात २०१३ मध्ये जनहित याचिका केली. गाडीची खरी तपासणी न होताच प्रमाणपत्रे दिली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रेक तपासायचा तर गाडी वेगात न्यायला हवी आणि थांबवून पाहायला हवी. कार्यालयाच्या अंगणात ते होणे शक्य नाही. न्यायालयाने हे मनावर घेतले. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा मार्ग प्रत्येक परिवहन कार्यालयाकडे हवा, असा आग्रह धरला. २०१७ च्या अखेरीस तर ज्या कार्यालयांकडे असा मार्ग नाही, त्यांनी परिवहन गाड्यांना प्रमाणपत्रे देऊ नयेत, इथपर्यंत गोष्ट आली. गाडीवाल्यांना शेजारच्या कार्यालयाकडे हेलपाटे घालावे लागले, तक्रारीही पुष्कळ झाल्या. परंतु एका नागरिकाने विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे, पासिंग म्हणजे शिक्का नसून चाचणी आहे, हे सर्वांना निदान एकदा तरी मान्य करावे लागले.

पुढची पायरी यंत्रांची. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. आपल्या राज्यात नाशिकला यंत्रावर तपासणारे केंद्र त्याच्या आधीच उभे राहिले होते. अशा केंद्रात गाडी रुळांवर चढवतात, रूळ चाके फिरवतात आणि ब्रेक दाबल्यावर प्रत्येक चाक किती जोराने धरते हे मोजले जाते. डावे-उजवे चाक सारखे धरत नसेल, तर गाडी एका बाजूला ओढते; हा दोष डोळ्यांना कधी दिसत नाही, यंत्राला लगेच दिसतो. दिव्याचा झोत, चाकांची ओढ, सांध्यांचा ढिलेपणा, धूर, सारे असेच मोजतात. परिवहन गाड्यांची तपासणी केवळ अशा केंद्रांतूनच करण्याच्या तारखा सरकारने ठरवल्या होत्या. पण केंद्रे सर्वत्र उभी नसल्याने त्या वेळोवेळी पुढे ढकलाव्या लागल्या.

आता राहात्याच्या गाडीवाल्याने कोठे जावे? आपला तालुका श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाखाली येतो. आपल्या गाड्यांवरचा १७ क्रमांक त्याचाच आहे, नगरचा म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा १६. बाभळेश्वरवरून श्रीरामपूरला जाऊन गाडी दाखवायची, ही आपली जुनी वहिवाट. पण आता अर्ज आणि शुल्क परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनच भरायचे असते, आणि तपासणीचे ठिकाण व दिवस तेथेच कळतो. केंद्रे वाढत आहेत, नियम बदलत आहेत; तेव्हा मागच्या वेळेच्या आठवणीवर गाडी घेऊन निघू नये. आधी तेथे पाहावे, ठिकाण आणि तारीख नक्की करावी आणि मगच दिवस मोडावा. सोबत नोंदणी, विमा, पीयूसी, परवाना आणि कर भरल्याचा पुरावा असू द्यावा. हे सारे घरच्या मुलाला मोबाइलवर करता येते; त्यासाठी दलालाचीच पायरी चढली पाहिजे असे नाही. एकदा मिळालेले प्रमाणपत्र त्याच्या मुदतीत साऱ्या भारतात चालते.

येथे गाडीवाल्यांची बाजू सांगितली नाही, तर तो अन्याय होईल. पासिंगचा दिवस म्हणजे धंदा बुडण्याचा दिवस. सकाळी रांगेत लागलेल्या माणसाला दुपारी 'दिवा नीट नाही' म्हणून परत पाठवले, की त्याचे दोन दिवस जातात. मुदत टळली तर दर दिवसाला ५० रुपये जादा आकारण्यावरून २०२४ मध्ये राज्यात रिक्षाचालकांनी आंदोलने केली, आणि त्यांच्या चिंतेत तथ्य होते. गाडी आजारपणात दारी उभी राहिली तरी आकडा वाढतच जाई. म्हणून गाडीवाल्यांनी आपले हक्कही जाणून घ्यावेत. प्रमाणपत्र नाकारले, तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात, हे ५६ व्या कलमातच लिहिले आहे. तो निर्णय मान्य नसेल, तर ५७ व्या कलमाखाली तीस दिवसांत अपील करता येते. 'का नापास?' हे नम्रपणे पण लेखी विचारावे. कारण कळले तर दुरुस्ती होते, आणि कारण लिहावे लागले तर देणाराही जपून नाकारतो.

पण हक्काइतकीच दुसरीही बाजू आहे. ती सांगण्यासाठीच आम्ही आज येथे उभे आहोत.

आमच्या परिचयाचे एक जीपवाले आहेत. मोठे सालस गृहस्थ. उताराला एक रुपया जास्त घेतला तर परत आणून देतील. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारावरून जात होतो, तो ते शेजारच्या गाडीचे दोन टायर काढून आपल्या जीपला चढवताना दिसले.

"हे काय चाललंय?" आम्ही विचारले.

"उद्या पासिंग आहे ना, गुरुजी."

"आणि परवा?"

"परवा ज्याचे त्याला परत."

"मग परवा गाडीला कुठले टायर?"

"आपले जुनेच. परवा तर भाचीचं लग्न आहे. सगळं वऱ्हाड ह्याच गाडीत न्यायचंय."

एवढे बोलून ते स्वतःच थांबले. हातातला पाना तसाच राहिला. आम्हीही काही बोललो नाही.

त्यानंतर त्यांनी नवे टायर घेतले, असे सांगून ही गोष्ट आम्ही गोड करणार नाही. नव्या टायरांचा पैसा लग्नात गेला होता. पासिंग झाले, टायर परत गेले, आणि वऱ्हाड झिजलेल्या टायरांवर जाऊन सुखरूप परतले. सुखरूप परतले, हीच त्यातली भीतीची गोष्ट आहे. काही झाले नाही म्हणून माणसाला वाटते, की काही होतच नाही. आणि पुढच्या खेपेला शेजाऱ्याचे टायर अधिक सहजपणे निघतात. येथे फसवले कोणाला? निरीक्षक सायंकाळी आपल्या घरी गेला. सरकारच्या दप्तरात एक कागद वाढला. फसली ती भाची, तिचा नवरा, मागच्या बाकावरची म्हातारी आणि चालवणारा स्वतः.

जो मालक उसने टायर लावतो आणि जो अधिकारी गाडी न पाहता सही करतो, ते दोघे एकाच समजुतीचे आहेत. दोघांनाही वाटते, की हे कागदाचे काम आहे. आणि त्यांना तसे वाटते, कारण आपणही तसेच समजतो. शाळेची बस ठरवताना आपण भाडे विचारतो, वेळ विचारतो. फिटनेस कधी संपतो, हे किती पालक विचारतात? महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत, पण पालकांनी विचारलेच नाही, तर ते नियम पुस्तकातच राहायचे. गाडीच्या कागदपत्रांची मुदत आता मोबाइलवर गाडीचा क्रमांक घालूनही पाहता येते. हा कोणावर अविश्वास नव्हे. कारखान्याचा बॉयलर तपासला म्हणून फायरमनला कधी राग येत नाही.

आणखी एक गोष्ट ऊसवाल्यांसाठी. शेतीचा ट्रॅक्टर नियमांनुसार परिवहन वाहनांत धरला जात नाही. त्याचा फायदा शेतकऱ्याला आहे आणि तो असावा. परंतु हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडून तो हमरस्त्यावर येतो. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला असतो, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ऊस दिसतो तो अगदी धडकण्याच्या क्षणी. नियमाच्या व्याख्येत काय बसते हे अंधाराला कळत नाही. मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणि एक जळता दिवा यांना पासिंगची वाट पाहण्याचे कारण नाही. गळीत हंगाम आता संपला आहे. ट्रॉल्या घरी उभ्या आहेत, ही कामे करून घेण्याची हीच वेळ.

तशीच ही वेळ शाळेच्या बसगाड्यांचीही आहे. जूनमध्ये शाळा उघडतील, पाऊस येईल. त्याआधीच्या या सुटीत ज्यांची मुदत सरत आली आहे त्यांनी तारीख घ्यावी, ब्रेकचे लायनिंग बदलावे, टायर पाहावेत. पासिंगच्या आदल्या दिवशी जे करायचे तेच करावे, फक्त ते उसने नसावे. जो टायर तपासणीला लावला, तोच दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असावा, एवढी एकच मागणी आम्ही आज आपल्यापुढे ठेवतो. ती पाळली, तर श्रीरामपूरला असो वा नाशिकला, माणसाने तपासो वा यंत्राने, ती परीक्षा खरी होईल. ती पाळली नाही, तर उत्तमातले उत्तम यंत्रही आपण उसने आणलेलेच चाक मोजणार.

आमचे ते जीपवाले स्नेही आज या सभेत आहेत. त्यांनीच ही गोष्ट सांगण्यास परवानगी दिली आणि म्हणाले, "नाव घेऊ नका, पण सांगा मात्र जरूर." पुढच्या पासिंगची त्यांची तारीख जवळ आली आहे. या खेपेस टायर आपले स्वतःचे आहेत, असे त्यांनी आम्हांला येताना दाखवले.

 रात्र झाली आहे; घरी जाताना सावकाश जा, आणि निघण्यापूर्वी गाडीचा मागचा दिवा लागतो की नाही तेवढे पाहून घ्या.